सूज आणि बाळसे

सुजेला बाळसे समजू नये, हे आपल्याकडचे जुने शहाणपण आहे. पाळण्यातल्या पोराच्या बाबतीत ते आम्हाला अजून कळते. सुईण नसली, आजी नसली, तरी शेजारची एखादी बाई पोराच्या पायावर बोट दाबून पाहते, खळगा तसाच राहिला की मान हलवते आणि म्हणते, "दवाखान्यात न्या, हे बाळसं नव्हे." परंतु तेच पोर अठरा-एकोणीस वर्षांचे होऊन कॉलेजात गेले की हे शहाणपण आम्ही खुंटीला टांगून ठेवतो. दिवाळीच्या सुटीत पोरगा शहरातून गावी येतो. गाल वर आलेले असतात, डोळ्यांखाली फुगवटा असतो, सदऱ्याची खालची दोन गुंडी ताणलेली असतात, आणि सारी आळी कौतुकाने म्हणते, "शहराचं पाणी मानवलं बरं का पोराला!" हे मानवलेले पाणी कोणते, याची चौकशी मी या लेखात करणार आहे. दिवाळीच्या फराळात ज्यांना कडू घास नको असेल, त्यांनी खुशाल पाने उलटावीत.

मी पिशोरचा. कन्नड तालुक्यातले, अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या आसऱ्याने वसलेले हे गाव. मका, कापूस, आले यांच्या भावावर गावाचे हसू आणि रडू ठरते. मी कादंबऱ्या लिहितो आणि पोट शाळामास्तरकीवर भरतो. विद्यापीठाची पायरी मी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. माझी मजल मॅट्रिकपर्यंतच. तेव्हा "विद्यापीठातल्या मुलांविषयी बोलायला हे मास्तर कोण?" असा प्रश्न कोणी केला तर त्याला माझे उत्तर तयार आहे. विद्यापीठात शिकवणारांना मुलगा अर्धा घडलेला मिळतो. तो तिथे जाण्यापूर्वी कसा होता, हे त्यांना ठाऊक नसते. मला ठाऊक असते. मी त्याला दहा वर्षे रोज पाहिलेला असतो, आणि तीन वर्षांनी परत आलेलाही मीच पाहतो. फरक मोजण्याचा अधिकार ज्याने दोन्ही टोके पाहिली त्याचा आहे.

आमच्या मुलांकडे भांडवल म्हणून काय असते? शेत दोन-तीन एकर, तेही पावसाच्या मर्जीवर. बापाची ओळखपाळख बाजार समितीच्या दारापर्यंत. एक मात्र निसर्गाने आणि आईच्या हातच्या भाकरीने दिलेले असते: शरीर. पोलीस भरतीत उंची 165 सेंटिमीटर लागते, छाती 79 लागते आणि ती आणखी 5 फुगावी लागते. मैदानी परीक्षेच्या पन्नास गुणांपैकी वीस गुण 1600 मीटर धावण्याला आहेत, आणि ते अंतर 5 मिनिटे 10 सेकंदांच्या आत कापले तरच पूर्ण गुण मिळतात. मराठवाड्यातल्या कोणत्याही गावच्या रस्त्यावर पहाटे जाऊन पाहा. अंधारात धापा टाकत धावणारी पोरे दिसतील. ज्याच्याजवळ वशिला नाही, देणगी नाही, इंग्रजी नाही, त्याच्या नशिबाची किल्ली त्याच्या फुप्फुसांत आणि मांड्यांत असते. श्रीमंताच्या मुलाने शरीर नासले तर त्याचे शरीर नासते. गरिबाच्या मुलाने नासले तर त्याची शेती, त्याची पेढी आणि त्याचा वशिला एकदमच नासतो.

अशाच एका मुलाचा बाप गेल्या वर्षी मला बाजारात भेटला. पोरगा जिल्ह्याच्या गावी तीन वर्षे राहून पदवीधर झालेला. "गुरुजी, पोरगं अंगाला लागलं बघा. जाताना काडी होती. आता वजन काट्यावर सत्तर भरतंय," असे तो अभिमानाने सांगत होता. मी विचारले, "धावतो का हो अजून?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "दम लागतो म्हणतो. पण शिकलेल्यानं धावायचं कशाला, गुरुजी?" शाळेत असताना हा मुलगा तालुक्याच्या स्पर्धेत पहिला आला होता. भरतीच्या मैदानावर तो तिसऱ्या फेरीत बसला. त्याचे कारण त्याच्या बापाला कळले नव्हते, मुलाला कळले होते, आणि त्याच्या खोलीवरच्या चार मित्रांना तर चांगलेच कळले होते.

आता त्या काट्याचे बोलू. दारू म्हणजे नुसती नशा अशी आमची समजूत आहे. ती अन्नासारखीच उष्मांक देते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. एक ग्रॅम पिठात किंवा साखरेत 4 उष्मांक असतात, तेला-तुपात 9, आणि मद्यार्कात 7. मुले ज्याला क्वार्टर म्हणतात त्या 180 मिलिलिटर विदेशी दारूत सुमारे 60 ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास उष्मांक झाले. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारे दोनशे उष्मांक देते. एक क्वार्टर म्हणजे हिशेबाने दोन भाकरी. कडक बिअरची मोठी बाटलीही तीनशेच्या वर जाते. परंतु त्या दोन भाकरींत दहा-बारा ग्रॅम प्रथिने असतात, लोह असते, चोथा असतो. क्वार्टरमध्ये यांतले काहीएक नसते. शिवाय शरीराला मद्यार्क साठवता येत नाही. तो विषच असल्यामुळे यकृत बाकीची कामे बाजूला सारून आधी त्याची विल्हेवाट लावते. तोवर चरबी जाळण्याचे काम तहकूब. मग सोबत खाल्लेले शेंगदाणे, फरसाण, तळलेला कोंबडीचा तुकडा, म्हणजे आमच्या भाषेत चखणा, मुकाट्याने पोटाच्या घेरात आणि यकृतात जाऊन बसतो. व्यायामानंतर घेतलेली दारू स्नायू बांधण्याचे काम मंद करते आणि झोप उथळ करते. म्हणजे पहाटेची धाव रात्रीच्या बैठकीत वाहून जाते.

एवढ्यावर भागत नाही. अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षी मुलांचे वजन पंधरा पौंडांनी वाढते अशी एक म्हणच पडली आहे. प्रत्यक्ष मोजून पाहिले तेव्हा ती वाढ सरासरी तीन-चार पौंडच निघाली. तिकडे काही मुली-मुले अंगाची आकृती बिघडू नये म्हणून दारूच्या दिवशी जेवण टाळतात, आणि त्या प्रकाराला तिकडच्या वर्तमानपत्रांनी नावही दिले आहे. आमची मुलेही जेवण टाळतात. पण आकृतीसाठी नव्हे, पैशासाठी. बापाने मका विकून पाठवलेल्या रकमेतून क्वार्टर आणि खानावळ ही दोन्ही भागत नाहीत. जून 2025 मध्ये राज्य सरकारने उत्पादन शुल्क वाढवले, तेव्हा विदेशी दारूच्या 180 मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत 205 रुपये ठरली. आता दुसरा आकडा ऐका. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी 2016-17 मध्ये स्वाधार योजना आली. औरंगाबादसारख्या शहरासाठी तिच्यात वर्षाच्या भोजनाला 28,000 रुपये धरले होते. भागाकार करून पाहा: दिवसाला 77 रुपये. कोणत्याही जातीच्या गरीब मुलाच्या खिशाचा अंदाज यावरून यावा. एका बाटलीत अडीच दिवसांचे जेवण बुडते. म्हणून तो खानावळीचा डबा एकवेळचा करतो, दुपारी वडापाव खातो, दूध बंद करतो. दारू त्याच्या जेवणावर चढत नाही. ती जेवणाच्या जागी येऊन बसते.

आणि काटा काय सांगतो? काटा सांगतो, सत्तर! मांडीचे मांस गेले ते काटा सांगत नाही, पोटावर चरबी आली तेही सांगत नाही. गेले-आले यांची वजाबाकी करून तो एक आकडा तोंडावर फेकतो. ज्याची दारू अधिक आणि जेवण अगदीच कमी, तो उलट वाळतो, मग लोक म्हणतात, "फार अभ्यास करतो बिचारा!" सुजलेला सुखी ठरतो, वाळलेला अभ्यासू ठरतो, आणि बाटली दोन्हीकडून निर्दोष सुटते.

हे माझे मास्तरी तर्कट नव्हे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि बाळे यांचा अभ्यास केला. आमची बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने पाऊण किलोने कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली निघाली. मांस कमी, चरबी तेवढीच. याच याज्ञिकांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आपलेच छायाचित्र छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी शेकडा 9.1 आणि याज्ञिकांच्या अंगात शेकडा 21.2! काट्याच्या दृष्टीने दोघे जुळे भाऊ. तेव्हा ज्या मातीत मूल जन्मतःच बारीक दिसून आत चरबी धरून असते, त्या मातीतल्या मुलाला तीन वर्षे दारूवर आणि फरसाणावर ठेवणे म्हणजे काय, याचा विचार सुज्ञांनी करावा. मधुमेह आमच्या खेड्यांत आधीच पोहोचला आहे. त्याला दारात उभा करून पाट मांडण्याचे काम ही बाटली करते.

आता प्रतिपक्षाकडे वळतो. पहिला प्रतिपक्ष म्हणतो, "अहो, हल्ली सगळेच घेतात." हे साफ खोटे आहे. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी शेकडा 19 आणि स्त्रियांपैकी शेकडा 1 दारू घेतात असे आढळले. शंभरांतले ऐंशी पुरुष न पिता जगतात, लग्ने करतात, नोकऱ्या करतात, मैत्रीही करतात! 'सगळे' हा शब्द खोलीवरच्या चार मित्रांपुरता खरा असतो, आणि नव्या आलेल्या पोराला तेवढीच खोली म्हणजे सारे जग वाटते. हा शब्द त्याच्या कानात प्रथम कोण घालतो? लग्नाच्या वरातीत "मोठा झालास की" म्हणून पेला पुढे करणारा मामा, आणि निवडणुकीच्या रात्री धाब्यावर पोरांची पंगत बसवणारा पुढारी. तेच दोघे पुढे "आजची पिढी बिघडली" म्हणून व्यासपीठावर अश्रू ढाळतात. ज्याने पोराला पहिला घोट पाजला, त्याने पोराच्या शीलावर व्याख्यान देऊ नये.

दुसरा प्रतिपक्ष शिकलेला आहे. तो म्हणतो, "मुले सज्ञान आहेत, त्यांचे शरीर, त्यांची मर्जी." स्वातंत्र्याचा मी द्वेष्टा नाही. परंतु या राज्याचा कायदाच सांगतो की बिअरसाठी वय 21 आणि कडक दारूसाठी 25 पूर्ण असले पाहिजे, आणि वर परवाना हवा. पदवीच्या वर्गातला मुलगा साधारण अठरा ते एकविसातला. म्हणजे ज्याला क्वार्टर विकली जाते, त्याला ती विकणे हा गुन्हाच आहे. दुकानदाराने वय विचारल्याचे कोणी पाहिले आहे? सिनेमाच्या दारावर तरी विचारतात! आणि "थोडी घेतली तर काय बिघडते" म्हणणारांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्टच सांगितले आहे की दारूचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. मर्जी ही माहितीवर उभी राहते. ज्या मुलाला बाटलीतले उष्मांक ठाऊक नाहीत, स्वतःच्या यकृताचे कामही ठाऊक नाही, त्याची 'मर्जी' म्हणजे दुकानदाराची सोय.

तिसरा प्रतिपक्ष सर्वांत बलाढ्य. तो बोलत नाही, तो आकारणी करतो. या राज्यातला 1949 चा कायदा नावाने आजही दारूबंदीचा आहे. त्याच कायद्याखाली दारू विकण्याचे परवाने दिले जातात. 2007 साली धान्यापासून दारू करणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देण्याचे धोरण आले आणि आमच्या ज्वारीला भाकरीऐवजी बाटलीचा रस्ता दाखवला गेला. 27 जानेवारी 2022 रोजी हजार चौरस फुटांवरच्या किराणा भांडारांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, आणि त्याला द्राक्ष बागायतदारांच्या कल्याणाचे नाव दिले. विरोध झाला म्हणून तो पुढे सरकला नाही. 2025 च्या शुल्कवाढीतून 14,000 कोटी रुपयांची भर पडेल असे सरकारनेच सांगितले, आणि त्याच निर्णयात धान्यापासून केलेल्या 'महाराष्ट्रात बनलेल्या दारू'चा नवा, स्वस्त वर्ग काढला: 180 मिलिलिटरला 148 रुपये. ज्याला 205 परवडत नाहीत त्याची सोय झाली!

आमच्या जिल्ह्याला तर याची दुहेरी खूण आहे. वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे मोठमोठे कारखाने आहेत. 2016 च्या उन्हाळ्यात मराठवाडा पाण्यावाचून तडफडत होता, लातूरला रेल्वेने पाणी जात होते, तेव्हा या कारखान्यांचे पाणी तोडावे म्हणून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला एप्रिलमध्ये आदेश द्यावा लागला. प्रथम निम्मी, मग शेकडा 60 कपात. ज्या वर्षी कन्नड तालुक्यातल्या आया टँकरची वाट पाहत घागरी घेऊन रांगेत होत्या, त्या वर्षीही बिअरला पाणी होते. तेच पाणी बाटलीत भरून आमच्याच पोरांना विकले जाते. "शहराचं पाणी मानवलं" हे आमच्या आळीचे कौतुक शब्दशः खरे आहे, याचे मला हसू येत नाही.

भारताच्या राज्यघटनेचे सत्तेचाळिसावे कलम मी वर्गात मुलांकडून वाचून घेतो. लोकांचे पोषण सुधारणे आणि मादक पेयांना आळा घालणे, ही दोन कर्तव्ये घटनाकारांनी एकाच कलमात शेजारी शेजारी घातली. हा योगायोग नव्हे. गरिबाच्या घरात ताट आणि बाटली यांत एकाच वेळी एकच भरते, हे त्यांनी पाहिले होते. त्यांच्याही आधी, 1880 साली, पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिले होते. फुल्यांची तसबीर प्रत्येक कार्यालयात आहे. ते पत्र मात्र कोणत्याच कार्यालयात टांगलेले मला दिसले नाही.

आम्हा लेखकांनाही मी सोडणार नाही. 1919 साली 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. गडकऱ्यांनी आपला दारुडा गुत्त्यावरचा हमाल घेतला नाही. बुद्धिमान, मानी वकील सुधाकर घेतला. शिक्षण दारूपासून वाचवत नाही, अपमान आणि रिकामपण यांतून ती शिकलेल्यालाच आधी गाठते, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले. आज नोकरीची जाहिरात निघत नाही, निघाली तर परीक्षा होत नाही, झाली तर निकाल लांबतो. अशा मोकळ्या वर्षांत खोलीवर बसलेला पदवीधर हा सुधाकरच आहे. आणि आमचे नवे वाङ्मय त्याला काय देते? पेला हाती घेतल्यावाचून ज्यांच्या नायकाला दुःख होत नाही, ज्यांच्या कवीला ओळ सुचत नाही, अशी पुस्तके! कलावंताच्या प्रतिभेला दारू लागते ही लोणकढी थाप आहे. गडकऱ्यांचा तळीराम मंडळ काढून बसला होता. आमच्यातल्या काहींनी त्याला संपादक केले आहे.

मग मी सरसकट बंदी मागतो का? चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. चोरटी दारू वाढली, असे कारण देऊन सरकारने हात झटकले. बंदी कागदावर लिहून अंमलबजावणी त्याच जुन्या हातांत ठेवली तर असेच होणार. माझी मागणी लहान आहे, म्हणूनच ती टाळण्याला सबब नाही. दारूच्या कायद्यातली 21 आणि 25 ही वयोमर्यादा कॉलेजांच्या परिसरात तरी पाळली जावी, आणि मोडणाऱ्या दुकानाचा परवाना जावा. प्रत्येक महाविद्यालयाने वर्षातून दोनदा मुलांची तपासणी करावी, आणि ती नुसत्या वजनाची नको: कमरेचा घेर, रक्तातले लोह, आणि एक मैल धावण्याचा वेळ. तो आकडा दुसऱ्या कोणाला नव्हे, त्या मुलालाच द्यावा. तीन वर्षांचे सहा आकडे त्याच्या हातात पडले की व्याख्यानाची गरज उरणार नाही. आणि दारूच्या शुल्कातून जे चौदा हजार कोटी यायचे आहेत, त्यांतला एक ठरावीक वाटा वसतिगृहांच्या आणि खानावळींच्या ताटात यावा. पोराच्या पोटातून काढलेला पैसा पोराच्या पोटात परत घालणे, यात उपकार कसले?

राहिले आपण, म्हणजे आई-बाप, मामा, मास्तर आणि शेजारी. या सुटीत पोरगा घरी येईल. त्याला लाडू द्या, करंजी द्या. पण "अंगाला लागलास" असे लगेच म्हणू नका. पहाटे उठवा आणि बापाने, काकाने, ज्याला जमेल त्याने, त्याच्याबरोबर गावाबाहेरच्या पुलापर्यंत चालत जावे. परतताना चढाला पोरगा मागे पडला, तर ओरडू नका, शपथा घालू नका. विचारा, "जेवतोस ना वेळेवर? डबा दोन वेळचा आहे की एक?" आमच्या पिढीने त्याला परीक्षेचे गुण विचारले, नोकरीचे विचारले, लग्नाचेही विचारले. जेवणाचे विचारायचे तेवढे राहून गेले.